गच्ची सर्वांची, मीटर ज्याचा त्याचा

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाच्या जीवनात इमारतीच्या गच्चीला एकेकाळी मोठे स्थान होते. उन्हाळ्यात तिच्यावर पापड-कुरडया वाळत, कोजागरीला दूध आटे, परीक्षेच्या दिवसांत मुले पुस्तके घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसत. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आली, दुकानात तयार पापड मिळू लागले, चोरीच्या भीतीने गच्चीच्या दाराला कुलूप लागले आणि त्या कुलपाची किल्ली सोसायटीच्या सचिवांच्या घरातील खिळ्यावर जाऊन बसली. आज बहुसंख्य इमारतींत रहिवाशांना गच्चीची आठवण होते ती दोनच प्रसंगी. टाकी भरून वाहू लागली म्हणजे, किंवा पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळू लागले म्हणजे.

या विस्मृत जागेला आता नवे मोल आले आहे. सौर विजेचे पत्रे बसविण्यासाठी लागणारी सावलीविरहित, मोकळी जागा शहरात इमारतींच्या माथ्यावाचून दुसरीकडे फारशी उरलेली नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्य घर : मोफत वीज योजना’ जाहीर केली. ७५ हजार २१ कोटी रुपयांच्या या योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच उभारण्याचे आहे. त्यापूर्वीच्या कार्यक्रमात २०२२ अखेर छपरांवरील सौर विजेची क्षमता ४० हजार मेगावॉटपर्यंत नेण्याचा संकल्प होता. परंतु देश त्या उद्दिष्टापासून फार मागे राहिला. याउलट, उजाड माळरानांवरील मोठे प्रकल्प झपाट्याने वाढले आणि जानेवारी २०२५ मध्ये भारताची एकूण सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. माळरानावर जे साधले ते घराच्या छपरावर का साधू नये, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः तंत्रज्ञानात किंवा किमतीत शोधले जाते. वस्तुतः ते तेथे नाही. सौर पत्र्यांच्या किमती गेल्या दीड दशकात इतक्या उतरल्या आहेत की, खर्चाची सबब आता पूर्वीसारखी सांगता येत नाही. खरी अडचण मालकीची आहे. बंगल्यात राहणाऱ्या गृहस्थाचे छप्पर त्याचे, विजेचा मीटर त्याचा आणि पैशाची पिशवीही त्याचीच. तो मनात आणील तर महिन्या-दोन महिन्यांत संच उभा करू शकतो. सदनिकेत राहणाऱ्याच्या बाबतीत या तीन गोष्टी तीन ठिकाणी असतात. छप्पर सर्वांचे, मीटर ज्याचा त्याचा आणि पैसा सर्वसाधारण सभेच्या संमतीवाचून न हलणारा. अपार्टमेंटमधील सौर विजेचा प्रश्न हा म्हणून मुख्यतः सामाईक मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा आणि सहकाराचा प्रश्न आहे.

उन्हापासून मीटरपर्यंत

प्रथम या संचाचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कारण सभांमधील बरेच वाद गैरसमजातून उद्भवतात. प्रकाश पडल्याने विद्युतनिर्मिती होऊ शकते हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिले होते. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्या घटाची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. आज बाजारात सर्रास मिळणारे पत्रे पडलेल्या उन्हापैकी वीस टक्के व त्याहूनही अधिक ऊर्जेचे विजेत रूपांतर करतात.

या पत्र्यांतून मिळणारी वीज एकदिश असते, तर घरातील पंखे, दिवे आणि पंप प्रत्यावर्ती विजेवर चालतात. म्हणून मध्ये ‘इन्व्हर्टर’ हे यंत्र लागते. ते एकदिश विजेचे प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करते आणि वीज कंपनीकडून येणाऱ्या प्रवाहाशी तिचा दाब व आवर्तने जुळवून घेते. दिवसा निर्माण झालेली वीज इमारतीत वापरली जाते. जी उरेल ती कंपनीच्या तारांत जाते. रात्री इमारत नेहमीप्रमाणे कंपनीची वीज घेते. दोन्ही दिशांची वीज मोजणारा मीटर आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या युनिटांची स्वतंत्र नोंद ठेवतो आणि बिल निव्वळ वापराचे येते. यालाच ‘नेट मीटरिंग’ म्हणतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने यासंबंधीची नियमावली प्रथम २०१५ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०१९ मध्ये केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विजेचे साठवण-संच, म्हणजे बॅटऱ्या, नसलेला सौर संच हा वीज गेल्यावर उपयोगी पडत नाही. कंपनीचा पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. हा त्याचा दोष नव्हे. तारांची दुरुस्ती करण्यासाठी खांबावर चढलेल्या कामगाराला इमारतीकडून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून केलेली ती सुरक्षेची योजना आहे. ‘वर एवढे पत्रे लावले आणि तरी भरदुपारी लिफ्ट बंद!’ ही तक्रार हे आधी समजावून न सांगितल्यामुळेच होते. ज्या सोसायटीला वीज गेल्यावरही लिफ्ट चालावी असे वाटते तिला बॅटऱ्यांचा वेगळा खर्च करावा लागेल आणि तो सौर संचाच्या हिशेबात न मिसळता निराळा मांडावा लागेल.

अठ्ठावीस बिऱ्हाडांचा हिशेब

आता एक कल्पित परंतु सर्वत्र आढळणारे उदाहरण घेऊ. सात मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर चार याप्रमाणे २८ सदनिका. गच्चीचे क्षेत्रफळ ४,००० चौरस फूट. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिन्याचे डोके, त्यांच्या सावल्या आणि ये-जा करण्याची वाट वगळता निम्मी, म्हणजे २,००० चौरस फूट जागा उपयोगी पडेल असे समजू. एक किलोवॉटच्या संचाला साधारणपणे १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे या गच्चीवर २० किलोवॉटचा संच बसू शकेल. महाराष्ट्राच्या हवामानात एक किलोवॉटपासून वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे चार युनिट वीज मिळते. एप्रिल-मे महिन्यांत अधिक, आषाढ-श्रावणात बरीच कमी. या हिशेबाने गच्चीचे मासिक उत्पन्न २,४०० युनिट होईल.

इमारतीची गरज किती? लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील व आवारातील दिवे यांसाठी दरमहा १,२०० युनिट धरू. प्रत्येक बिऱ्हाडाचा वापर सरासरी १५० युनिट धरला तर २८ बिऱ्हाडांचे ४,२०० युनिट होतात. एकूण गरज ५,४०० युनिटांची. तात्पर्य, गच्चीचा कोपरान् कोपरा वापरला तरी निम्मीसुद्धा गरज भागणार नाही. ‘आता बिल शून्य’ अशी जाहिरात करणाऱ्या विक्रेत्यांकडे सोसायट्यांनी या आकड्यांच्या चष्म्यातून पाहिले पाहिजे. तेवढ्याच गच्चीखाली बावीस मजले असतील तर परिस्थिती आणखी बिकट होते. कारण मजले वाढतात तशी माणसे वाढतात, लिफ्ट आणि पंप वाढतात, आकाश मात्र तेवढेच राहते.

तरीही पहिली पायरी निःसंशय फायद्याची आहे. सामाईक वापरापुरता १० किलोवॉटचा संच घेऊ. किलोवॉटला ५५ हजार रुपये खर्च धरला तर साडेपाच लाख रुपये लागतील. केंद्राच्या योजनेतून गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदान मिळते. ते १ लाख ८० हजार होईल. उरले ३ लाख ७० हजार, म्हणजे सदनिकेमागे सुमारे १३ हजार २०० रुपये. सामाईक मीटरवर सगळ्यांचा वापर एकत्र मोजला जात असल्याने तेथील बरेचसे युनिट वरच्या, महाग टप्प्यात मोडतात. वाचलेल्या युनिटाचे मोल सरासरी १० रुपये धरले तर वर्षाला १ लाख ४४ हजार रुपये वाचतील. धुण्यापुसण्याचा व देखभालीचा खर्च वजा करून १ लाख ३० हजार धरले तरी गुंतवणूक तीन वर्षांच्या आत परत येते. पत्र्यांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानले जाते. इन्व्हर्टर त्या अवधीत एखाद्या वेळी बदलावा लागेल, ही गोष्ट हिशेबात धरूनही बँकेतील मुदतठेव या गुंतवणुकीच्या जवळ येऊ शकत नाही.

किमती आणि दर गावोगावी वेगळे असतील, म्हणून प्रत्येक सोसायटीने आपले आकडे घालून हे गणित पुन्हा करावे. त्याचा रोख मात्र बदलणार नाही.

उरलेल्या अर्ध्या गच्चीचे काय?

पेच येथून पुढे आहे. सामाईक मीटरची गरज १० किलोवॉटमध्ये भागते. उरलेल्या १,००० चौरस फुटांवर आणखी १० किलोवॉट बसू शकतात. पण ती वीज द्यायची कोणाला? प्रत्येक सदनिकेचा मीटर हा वीज कंपनीच्या दृष्टीने स्वतंत्र ग्राहक आहे. गच्चीपासून तळमजल्यावरील मीटरच्या खोलीपर्यंत प्रत्येकाची निराळी तार, निराळा इन्व्हर्टर आणि निराळे पत्रे, अशी अठ्ठावीस संसारांची मांडणी करणे खर्चाचे आणि गैरसोयीचे आहे. त्यामुळे अनेक सोसायट्या सामाईक दिव्यांपुरते काम करून थांबतात आणि अर्धी गच्ची रिकामी राहते. काही ठिकाणी उलट घडते. वरच्या मजल्यावरील एखादा उत्साही सभासद स्वतःसाठी तीन किलोवॉटचा संच बसविण्याची परवानगी मागतो. तो कायदेशीर ना-हरकत पत्रही मिळवितो. पहिल्या पाच-सहा जणांनंतर गच्ची संपते आणि सातव्याला कळते की, आपल्या वाट्याचे ऊन आधीच वाटले गेले आहे.

‘प्रथम येईल त्यास’ हा न्याय रेल्वेच्या आरक्षणाला ठीक असेल, सामाईक मालमत्तेला नव्हे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इमारतीखालील खांबांमधली वाहनतळाची जागा ही सामाईक सोय आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही, असा निर्णय एका मुंबईच्या खटल्यात दिला. गच्चीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. तिच्यावर पडणारे ऊन हे कोणत्याही एका मजल्याचे नसून सर्वांचे आहे.

या पेचावर एक मार्ग आहे आणि तो तारांचा नसून जमाखर्चाचा आहे. गच्चीवर एकच मोठा संच उभारावा, त्याची वीज एका मीटरमधून कंपनीच्या जाळ्यात सोडावी आणि महिनाअखेर जेवढे युनिट जमा झाले तेवढे ठरलेल्या प्रमाणात सर्व सभासदांच्या बिलांतून वजा करावेत. प्रत्यक्ष वीज कोणत्या तारेतून कोणाकडे गेली याचा शोध घेण्याचे कारण नाही. सहकारी दूध संस्थेत प्रत्येक गवळ्याच्या घागरीतील दूध निराळे ठेवीत नाहीत. ते एकत्र ओतले जाते आणि वहीत ज्याच्या नावावर जेवढे, तेवढे पैसे त्याला मिळतात. विजेचेही तसेच. या पद्धतीला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच तिची मार्गदर्शक तत्त्वे ठरविली. केंद्राच्या २०२४ च्या योजनेनेही ही पद्धत मान्य केलेली आहे.

ज्या देशांत लोक मोठ्या संख्येने सदनिकांत राहतात त्यांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. तेथे सौर विजेचा प्रसार अनेक वर्षे स्वतःचे घर असणाऱ्यांपुरता राहिला. २०१७ मध्ये तेथे ‘भाडेकरूंची वीज’ या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. घरमालकाने छपरावर निर्माण केलेली वीज त्याच इमारतीतील भाडेकरूंना विकावी, अशी ती कल्पना. परंतु त्यात मालकावर वीज पुरवठादाराची सारी कागदोपत्री जबाबदारी येऊन पडली आणि अपेक्षित प्रसार झाला नाही. म्हणून २०२४ मध्ये अधिक सोपी, इमारतीपुरती वाटपाची तरतूद करण्यात आली. शिवाय सज्जाच्या कठड्याला लावण्याच्या आठशे वॉटपर्यंतच्या छोट्या संचांचे नियमही सुलभ झाले. यापासून घ्यावयाचा बोध असा की, नियम केवळ असून भागत नाही. तो सामान्य माणसाला पेलणारा असावा लागतो.

वाटणीचा न्याय

वाटप करावयाचे तर ते कोणत्या प्रमाणात, हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग होय. उदाहरणातील उरलेले १,२०० युनिट २८ सदनिकांत सारखे वाटले तर प्रत्येकी दरमहा सुमारे ४३ युनिट येतात. वरकरणी ही समान वाटणी आहे. पण महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच अधिक, ३०१ ते ५०० ला आणखी अधिक, आणि त्यापुढे सर्वाधिक. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचा वापर महिना ९० युनिट असेल तर तिच्या वाट्याचे ४३ युनिट सर्वांत स्वस्त टप्प्यातून वजा होतात. पाचव्या मजल्यावर दोन वातानुकूलन यंत्रे असलेल्या कुटुंबाचा वापर ४५० युनिट असेल तर त्याचे तेच ४३ युनिट महाग टप्प्यातून कमी होतात. दोघांनी वर्गणी सारखी भरली. ऊनही सारखेच वाटले गेले. पण रुपयांतील लाभ मात्र एकाला दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय प्रत्येक बिलातील स्थिर आकार सौर विजेने कमी होत नाही, त्यामुळे लहान बिलाच्या ग्राहकाला बचत आणखीच तोकडी वाटते.

मग न्याय्य काय? क्षेत्रफळाप्रमाणे वाटावे तर मोठ्या सदनिकेला झुकते माप जाते. वापराप्रमाणे वाटावे तर उधळपट्टीला बक्षीस मिळते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत या कोड्याचे एक उत्तर आधीच दडलेले आहे. त्यांनुसार लिफ्ट, जिन्यातील दिवे, पहारेकरी यांसारख्या सेवांचा खर्च सदनिकेच्या आकाराचा विचार न करता सर्वांवर सारखा आकारला जातो. म्हणून सौर विजेचा पहिला हक्क सामाईक मीटरचा असावा. तेथे झालेली बचत मासिक देखभाल शुल्कातून निवृत्त शिक्षिकेला आणि वातानुकूलित कुटुंबाला रुपया-रुपयाने सारखी मिळते. उरलेली वीज वाटताना ज्यांनी भांडवल घातले त्यांच्या भांडवलाच्या प्रमाणात वाटावी. परंतु कोणालाही त्याच्या समान हिश्श्याहून अधिक भांडवल घालण्याची मुभा इतरांनी आपला हिस्सा लेखी सोडल्यावाचून देऊ नये. ज्याच्याजवळ आज पैसे नाहीत त्याचा हिस्सा काही वर्षे राखून ठेवावा, किंवा सोसायटीने आपल्या निधीतून तो घेऊन बचतीतून वसूल करावा. असे केले तर गच्ची संपली म्हणून सातव्या माणसाला परत जावे लागणार नाही.

भाडेकरूंचा प्रश्न यातच येतो. भांडवल मालकाने घालायचे आणि बिल भाडेकरूने भरायचे, अशा ठिकाणी कोणालाच घाई नसते. भाडेकरारात सौर विजेच्या सवलतीचा एक वेगळा रकाना घालून हा गुंता सोडविता येईल. शहरांतील रिकाम्या व भाड्याने दिलेल्या सदनिकांची संख्या पाहता या रकान्याला कमी लेखून चालणार नाही.

सभेतील आक्षेप

सर्वसाधारण सभेत या विषयाला विरोध करणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू समजण्याची प्रथा पडत आहे. ती चुकीची आहे. त्यांचे पुष्कळसे आक्षेप अनुभवातून आलेले असतात. अनेक इमारतींच्या गच्चीवर सौर उष्णजल संयंत्रांचे सांगाडे आजही उभे आहेत. नगरपालिकांच्या नियमामुळे बिल्डरने ती बसविली, भोगवटापत्र मिळाले, आणि दोन-चार वर्षांत नळ्यांत क्षार साचून ती बंद पडली. देखभाल कोणाची हे कोणीच ठरविले नव्हते. तीच गत विजेच्या पत्र्यांची होऊ नये यासाठी त्यांच्या धुण्याची व्यवस्था, तिचा खर्च आणि जबाबदार व्यक्ती ही तिन्ही खरेदीच्या ठरावातच नमूद असली पाहिजेत. शहरातील धूळ आणि शेजारच्या बांधकामाचे सिमेंट पत्र्यांवर बसले की उत्पन्न घटते. हे पत्रे पंधरवड्याने धुवावे लागतात. काही पत्रे एका ओळीत जोडलेले असल्याने एकावर पडलेली टाकीची सावली साऱ्या ओळीचे उत्पन्न खाली ओढू शकते. म्हणून आराखडा करताना डिसेंबरमधील तिरप्या सूर्याची सावलीही मोजावी लागते.

वरच्या मजल्यावरील सभासदाला गळतीची भीती वाटते. ती रास्त आहे. सांगाडा रोवण्यासाठी गच्चीच्या जलरोधक थराला भोके पाडली तर पहिल्याच पावसात त्याचे छत पाझरू लागेल. काँक्रीटच्या वजनदार ठोकळ्यांवर सांगाडा उभारून हे टाळता येते. मात्र कोकण किनाऱ्यावरील वादळी वाऱ्यात पत्रे उचलले जाऊ नयेत यासाठी त्या ठोकळ्यांचे वजन स्थापत्य अभियंत्याकडूनच ठरवून घेतले पाहिजे. पत्र्यांच्या सावलीमुळे त्याच सभासदाचे घर उन्हाळ्यात थोडे थंड राहील, हा त्याचा लाभही त्याला सांगावा.

मुंबई-पुण्यातील जुन्या सोसायट्यांपुढे पुनर्विकासाचा प्रश्न असतो. पाच वर्षांत इमारत पाडली जाणार असेल तर पंचवीस वर्षांचा संच कशाला, असे विचारले जाते. वर मांडलेल्या हिशेबानुसार भांडवल तीन वर्षांत वसूल होत असेल तर पाच वर्षेही पुरेशी आहेत. शिवाय पत्रे उतरवून पुन्हा बसविता येतात. पण स्वतः भांडवल घालून पंचवीस वर्षे सोसायटीला युनिटमागे दर आकारणाऱ्या कंपनीशी करार करावयाचा असेल तर पुनर्विकासाचे कलम त्यात आधी वाचून घ्यावे. गच्ची मोफत देऊन स्वस्त वीज मिळते असे सांगणारे असे करार वाईट असतातच असे नाही. परंतु दर दरवर्षी किती वाढणार, करार मुदतीपूर्वी मोडल्यास दंड किती आणि संच अखेर कोणाचा, ही तीन उत्तरे लेखी मिळाल्यावाचून सही करू नये.

शासनाची जबाबदारी

सर्व भार सोसायट्यांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. अनुदानाचीच गोष्ट घ्या. स्वतंत्र घराच्या मालकाला तीन किलोवॉटच्या संचासाठी ७८ हजार रुपये, म्हणजे किलोवॉटला सरासरी २६ हजार रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थेला मात्र किलोवॉटला १८ हजार. मोठ्या संचाचा प्रति किलोवॉट खर्च कमी येतो, हे याचे समर्थन होऊ शकेल. पण ज्याच्याकडे स्वतःचे छप्पर आहे तो सर्वसाधारणपणे सदनिकाधारकापेक्षा संपन्न असतो, आणि निर्णयाला पोहोचण्याचा त्रासही त्याला कमी. ज्याची वाट सोपी त्याला अधिक आणि ज्याची अवघड त्याला कमी, ही रीत फेरविचार करण्याजोगी आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून दहा किलोवॉटपर्यंतच्या संचांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीतून सूट दिली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु अठ्ठावीस बिलांवर अचूक वजावट दाखविणे हे काम वीज कंपनीच्या बिल विभागाचे आहे, आणि ते वेळेवर व बिनचूक झाले नाही तर सोसायटीचे सचिव महिनोन् महिने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवितील. एका बिलात एक चूक झाली तरी साऱ्या इमारतीचा विश्वास उडतो.

याची दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे मांडली पाहिजे. चढत्या टप्प्यांतील ग्राहक जो अधिक दर भरतात, त्यातून लहान ग्राहकांना व शेतीला स्वस्त वीज देण्याचा काही भार उचलला जातो. हेच ग्राहक सौर विजेकडे वळले तर तो भार कोणी उचलायचा? शिवाय दुपारी कंपनीला दिलेला युनिट आणि संध्याकाळी साडेसातला घेतलेला युनिट यांचे मोल सारखे नाही. दुपारी वीज मुबलक असते आणि दिवेलागणीला तिची चणचण. जाळ्याला फुकटची बॅटरी समजण्याची सवलत कायम राहील असे कोणी गृहीत धरू नये. यास्तव सोसायट्यांनी आपला वापर दिवसाकडे सरकविणे शहाणपणाचे आहे. पाण्याचा पंप पहाटेऐवजी अकरा वाजता चालविला, आवारातील विजेवर चालणाऱ्या वाहनांचे भारण दुपारी केले, तर आपल्याच गच्चीवरची वीज आपल्याच इमारतीत मुरेल. यासाठी यंत्र लागत नाही. पंप चालविणाऱ्याला वेळापत्रक लावून दिले म्हणजे पुरे.

जुनी शिकवण

सामाईक मालमत्ता म्हटली की तिची नासाडी ठरलेलीच, असा सिद्धान्त अमेरिकन विचारवंत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगातील गायराने, मासेमारीची क्षेत्रे आणि पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखविले की, हे विधिलिखित नव्हे. जेथे हक्कदार कोण हे स्पष्ट असते, नियम वापरणारेच ठरवितात, देखरेख असते आणि तंटा मिटविण्याची सोय जवळ असते तेथे सामाईक मालमत्ता पिढ्यान् पिढ्या टिकते. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. देशातील आरंभीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक, सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था, मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये स्थापन झाली. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले, तेव्हा अल्पभूधारक शेतकरी एकत्र येऊन कारखाना चालवितील यावर अनेकांचा विश्वास नव्हता. त्या तुलनेत अठ्ठावीस सुशिक्षित कुटुंबांनी एका गच्चीचा हिशेब मांडणे ही गोष्ट किती लहान आहे! आणि तरीही ती जमत नाही, याचे कारण वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, तास-अर्ध्या तासाने तहकूब सभा त्याच जागी भरते आणि उपस्थित आठ जण बाकीच्या वीस जणांचे भवितव्य ठरवितात.

सौर वीज ही बाजारात विकत मिळते. सभेला येऊन बसण्याची वृत्ती विकत मिळत नाही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय असेल तर निवृत्त शिक्षिकेने आणि पाचव्या मजल्यावरच्या कुटुंबाने, दोघांनीही आपापले वीज बिल हातात घेऊन सभेला जावे. गच्चीची किल्ली सचिवांच्या घरातील खिळ्यावर असली तरी गच्ची त्यांची नाही.